घर क्रमांक त्रेसष्ट बंद आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. दौंड.
ट्रेनिंग झालं. गळ्यात आयकार्ड पडलं. सर्जेराव, फील्ड इन्व्हेस्टिगेटर, आजारभार सर्वेक्षण. बावीस वर्षं डेअरीत दुधाची फॅट मोजली, आता देशाचे आजार मोजणार. मोजणं ते मोजणंच. खास या कामासाठी शिरूरच्या बाजारातून नवे बूट घेतले. डाव्या पायाच्या करंगळीला चावले, पण दुखत अजिबात नाही. अंगच कणखर आहे आपलं.

सुपरवायझर प्रगती मॅडम. आमच्या पोरीपेक्षा, सायलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या, पण डोकं तल्लख. फळ्यावर समजावलं. माणूस लवकर गेला, तर जितकी वर्षं कमी जगला तेवढी मोजायची. आजार घेऊन जगला, तर त्या वर्षांचा थोडा हिस्सा मोजायचा. सगळ्यांची बेरीज म्हणजे देशावरचा भार. त्यावरून वर ठरतं, गोळ्या कुठं पाठवायच्या, दवाखाना कुठं बांधायचा. प्रत्येक आजाराचं वजन ठरलेलं असतं म्हणाल्या आणि तक्ता वाटला. माझी नजर सहज गेली 'पायाचं बोट कापणे' या ओळीवर. अगदी सहज. शून्य पॉइंट शून्य शून्य काहीतरी. म्हणजे देशाला विशेष फरक पडत नाही. तरी दुपारचं जेवण गेलं नाही. भाजीत मीठ जास्त होतं.

निश्चय: रोज पाच किलोमीटर चालणे. चहा बिनसाखरेचा. तंबाखू फक्त दुपारची. उद्यापासून.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
चालणं रद्द. बूट चावलाय. साखर एकदम बंद केली तर शरीराला झटका बसतो असं कुठंतरी वाचलंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. निमोणे.
घरांची यादी केली. मला गावची माहिती आहे म्हणून मॅडमनी मला माझंच गाव दिलं. नियम सोपा. जितक्या चुली तितकी कुटुंबं. देवळापासून उजव्या हातानं नंबर टाकत जायचं आणि दर नववं घर तपासायचं. म्हणजे नऊ, अठरा, सत्तावीस, असं. तपासायचं म्हणजे बीपी, वजन, कंबर आणि बोटाला सुई टोचून शुगर.

आमचं घर बासष्टावं आलं. तीनदा मोजून पाहिलं, तिन्ही वेळा बासष्टच. बरं वाटलं. आपल्याच घरात आपणच सुया टोचत बसायचं, लोकांना बरं दिसत नाही. बाकी काही कारण नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
घात झाला.
मॅडम यादी तपासायला आल्या. आमच्या अलीकडं चौथं घर हौशीराम आप्पांचं. त्यांच्या दोन्ही सुनांचं दिवाळीत चकलीच्या भाजणीवरून वाजलं आणि चूल वेगळी झाली. मला माहीत होतं, पण भांडण तात्पुरतं असेल म्हणून एकच घर धरलेलं. मॅडमनी आत जाऊन दोन शेगड्या, दोन सिलिंडर पाहिले आणि म्हणाल्या, काका, ही दोन कुटुंबं झाली. पुढचे सगळे नंबर एकानं सरकले. यादीत नुसते नंबर असतात, नावं तपासणीच्या वेळी.
आम्ही त्रेसष्ट. नऊ साते त्रेसष्ट.
छातीत जी धडधड सुरू झाली ती मॅडम दौंडला परत जाईपर्यंत थांबली नाही. ऊन होतं.

संध्याकाळी आप्पांकडं गेलो. म्हटलं, घर एक ठेवा, देशाच्या आकडेवारीचा प्रश्न आहे. धाकटी सून म्हणाली, भावजी, तुम्ही आठ दिस थोरलीच्या हातचं खाऊन दावा, मंग आमी एकत्र येतो. थोरली आतून म्हणाली, तिला म्हणावं आधी माझा मिक्सर दे. आप्पा म्हणाले, सर्जेराव, दिवाळीपासनं मी सकाळी हिच्याकडं आन् रातच्याला तिच्याकडं जेवतोय, मला कंच्या घरात धरलंय ते तेवढं सांग.

स्वतःचं घर यादीत आलं तर सुपरवायझरला कळवावं, दुसरा माणूस येऊन तपासेल, असं ट्रेनिंगच्या पुस्तकात लिहिलंय. मॅडमना आधीच कामं खूप. उगीच कशाला त्रास.

सोमवार, १० नोव्हेंबर.
चार घरं झाली. लोक डॉक्टर म्हणतात. मी नाही म्हणत नाही, वेळ जातो त्यात. सगळ्यांना सुईची भीती. मी प्रत्येकाला समजावतो, घाबरायचं काय त्यात, मुंगी चावल्यागत होतं, वेळेत कळलं तर गोळ्यांवर भागतं. माझं बोलणं लोकांना पटतं. चार घरांत तिघं शुगरवाले निघाले आणि तिघांनाही माहीत नव्हतं. कमाल आहे माणसांची!
चहा अकरा कप, सगळे गोड. नाही म्हटलं की लोक तोडून वागतात, मग माहिती देत नाहीत. राष्ट्रीय कामात असं सहन करावं लागतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
तहान फार लागते. घरटी दोन तांबे पाणी पितो. यंदा उन्हाळा लांबलाय. बायकोच्या, अंजनाच्या अंगावर स्वेटर होता, तिला थंडी लवकर वाजते.
अंजना म्हणाली, अहो, बाथरूममध्ये मुंग्या लागल्यात, तुम्ही जाऊन आल्यावरच लागत्यात. शिरूरहून येताना मुंग्यांचा खडू आणला. चारी बाजूंनी रेघ ओढली. प्रश्न मिटला.
करंगळीवर पातळ पिवळं पाणी. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरंच होत असणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
सकाळी मॅडमचा ग्रुपवर मेसेज, आज जागतिक मधुमेह दिन. खाली गुलाबाची फुलं. ग्रुप म्यूट केला. डेटा वाचतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सायंकाळी ६.
आज घर क्रमांक पंचेचाळीस. भागुबाई. या घरात मयताचा भाग भरायचा होता. गेल्या पाच वर्षांत घरात कोण गेलं, कशानं, शेवटच्या महिन्यांत काय काय होत होतं, ते सगळं शब्दाला शब्द लिहायचं. दोन वर्षांमागं त्यांचे मालक मल्हारी गेले. माझ्याएवढेच होते. डेअरीत दूध घालायला यायचे.

भागुबाई सांगत होत्या, बाभळीचा काटा मोडला व्हता बघा पायात. एवढासा. दुखत न्हवता म्हणून त्यांनी बघितलाच न्हाई. मी म्हणायची दवाखान्यात चला, तर म्हणायचे दुखतच न्हाई तर जायचं कशाला. मंग बोट काळं पडलं. बोट काढलं, मंग पंजा काढला, मंग गुडघ्यापातूर पाय. आन् मंग काय, गेलाच की माणूस.
माहिती भरायचा टॅबलेट हातातून निसटला. उचलायला वाकलो तर स्वतःचाच बूट दिसला.
भागुबाईंनी पाणी दिलं. दोन तांबे प्यालो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आमचं बी असंच पाणी प्यायचे. मी निघालो. सहीचा कॉलम राहिला, सोमवारी परत जावं लागणार.

शांतपणे विचार केला. मल्हारी बिडी ओढायचा, मी तंबाखू खातो, दोन्ही गोष्टी वेगळ्या. त्याला काटा लागला, मला बूट. काटा रानातला, बूट दुकानातला, बिलासकट. घाबरण्यासारखं काहीही नाही. बुटाचं बिल शोधून वहीत ठेवलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ६.
संशय मुळातून काढून टाकायचा ठरवलं. अंजना झाडत होती तेवढ्यात अनशापोटी स्वतःला सुई टोचली. तीन वेळा मागं घेतली, चौथ्यांदा टोचली.
तीनशे एकसष्ट.
आदल्या दिवशी पेढा धरला होता हातात. साबणानं दोनदा हात धुतले, परत पाहिलं. तीनशे अठ्ठावन्न. तीननं उतरली, म्हणजे सुधारणा आहे.
तरी मशीन बघायला पाहिजे म्हणून अंजनाला बोलावून टोचलं. शहाण्णव. म्हणजे मशीन बायकांवर बरोबर चालतं. पण गेल्या आठवड्यात पुरुषही मोजलेत, तेव्हा नीट चाललं. म्हणजे फक्त माझ्यावर बिघडतं.
अंजनानं विचारलं, तुमची किती? म्हटलं, माझी नोंद वेगळी होते.
तीन पट्ट्या खराब निघाल्या असं रजिस्टरला लिहिलं.

बाथरूममध्ये पाटावर बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. भीती वाटली. लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय.  सायलीचं लग्न व्हायचंय, अंजनाला एकटीला शेत झेपायचं नाही, आणि मला गुडघ्याखाली पाय नाही असं डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मग अंजनानं कडी वाजवली. आंघोळ झाल्यावर बरं वाटलं. पित्त असावं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.
मार्ग सापडला. पुस्तकातच आहे. घर बंद असेल तर तीन वेगळ्या दिवशी जायचं, दर वेळी कुलपाचा फोटो लोकेशनसकट टाकायचा. तिन्ही वेळा बंद मिळालं तर ते घर कायमचं सुटतं.
आज अंजना कांद्याच्या लागणीला गेली होती. दाराला कुलूप होतं. फोटो काढला. यात खोटं काही नाही, घर खरंच बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती हा भाग वेगळा.

गुरुवार, २० नोव्हेंबर.
दुसरी भेट. आज नेमकी अंजना घरात. म्हटलं, कुलूप अडकतंय का बघायचंय, पाच मिनिटं आतच थांब. बाहेरून कुलूप लावलं, फोटो काढला. तेवढ्यात हौशीराम आप्पा आले. म्हणाले, घरात अंजना दिसतीय आन् कुलूप कशापायी? सरकारी काम आहे म्हटलं. ते म्हणाले, मंग चल च्या घेऊ, आज धाकटीचा हाय, बरा असतो. गेलो. बोलता बोलता पाऊण तास गेला. परत आलो तर अंजना आतून दारावर लाटणं वाजवत होती.
 रात्री जेवायला वाढताना तिनं ताट जरा लांबून सरकवलं.
करंगळी काळपट. बुटाच्या पॉलिशचा रंग उतरलाय.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
तिसरी भेट. अंजनानं बाहेर जायलाही नकार दिला आणि आत कोंडून घ्यायलाही. हात जोडले. म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे. ती माझ्या पायाकडं बघत म्हणाली, नोकरीचा हाय का पायाचा हाय? मोजा काढा बघू. मी घाईघाईनं बाहेर आलो, दार ओढलं, कुलूप घातलं, फोटो टाकला. लगेच उघडलंही. एका मिनिटाचं काम.
घर क्रमांक त्रेसष्ट, शेरा: बंद. सुटलो! किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. उद्यापासून चालणं सुरू.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी १०.
मॅडमचा फोन. आवाज दबका. म्हणाल्या, काका, त्रेसष्ट नंबरचे फोटो बघितले. दुसऱ्या फोटोत दोरीवरच्या साडीतून पाणी ठिबकतंय आणि खिडकीतून कुकरची वाफ येतेय. तिसऱ्या फोटोत गजाआड एक बाई उभी आहे, हातात उलथनं आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघतेय. त्या घरात कुणी बाईला कोंडून ठेवलंय का? पोलिसांना कळवू का?
तांब्याभर पाणी प्यालो. म्हटलं, नको मॅडम, चांगली माणसं आहेत, मी ओळखतो.
त्या म्हणाल्या, मग तर मी स्वतःच येते. परवा.
खाली बसलो. आता नोकरी जाणार. नोकरी गेली तर एक वेळ चालेल, पण त्या मशीन घेऊन येणार. मशीन घेऊन येणार, आणि मी नाही म्हणायला तोंड कुठलं ठेवलंय. माझ्या जन्मात इतका कधी भ्यालो नव्हतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.
योजना: उद्या सकाळच्या एसटीनं शिरूर, तिथून वढूला संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन, संध्याकाळच्या आत परतायचं नाही. देवदर्शनाला कोण अडवणार.

बुधवार, २६ नोव्हेंबर.
बूट पायात जाईना. पाय घोट्यापर्यंत सुजलेला. चप्पलही जाईना. एसटी समोरून गेली, मी ओट्यावर एका बुटात बसलेलो. अंगात कणकण. आदल्या दिवशी पाणी गार प्यालो होतो.

अकराला जीप आली. दार अंजनानं उघडलं. मॅडमनी तिला ओळखलं, खिडकीतली बाई म्हणून. ताई, तुम्ही बऱ्या आहात ना, असं विचारलं. अंजना म्हणाली, मी बरी हाय, पण ज्यांच्यासाठी एवढं कुलूप लागलं त्यांना आधी बघा. मग मॅडमनी मला पाहिलं. काका, तुम्ही इथं कसे? मी सांगायला सुरुवात केली की या घराची माझी जुनी ओळख आहे. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडं मॅडमची नजर गेली आणि मी थांबलो.

रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. नुसतं म्हणाल्या, बोट द्या. मी दिलं. डोळे मिटून घेतले. टोचलेलं कळलं, आकडा वाचलेला कळला नाही, म्हणून डोळे उघडले. चारशे अडतीस. मग म्हणाल्या, मोजा काढा. मी म्हटलं, दुखत नाही मॅडम. अंजनानं माझ्या पायापाशी बसून मोजा ओढला. तो कातडीला चिकटलेला. वास आला. मलाही आला. मॅडमनी नाकाला रुमाल लावला नाही, फक्त ड्रायव्हरला जीप दाराशी घ्यायला सांगितली.

शिरूरला जाताना मला पुढच्या सीटवर बसवलं. नाक्यावर दोघा-तिघांनी हात केला, मीही केला. सर्व्हेला चाललोय असं त्यांना वाटलं असणार.

शनिवार, २९ नोव्हेंबर. पुणे.
काल करंगळी काढली. शेजारचं बोट राहील का, ते आठवड्यानं सांगणार.
डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, काका, पंधरा दिवस आधी आला असता तर मलम आणि गोळ्यांवर भागलं असतं. मी म्हटलं, दुखत नव्हतं हो. ते म्हणाले, तेच तर. शुगरनं पायातल्या नसा बधिर झाल्यात, दुखणं कळायलाच नसा नाहीत. हे वाक्य त्यांनी किती साधेपणानं सांगितलं! मी तीन आठवडे त्याच गोष्टीवर खूश होतो.
पट्टीकडं अजून बघितलेलं नाही. मान तिकडं वळतच नाही. अंजना बघते आणि सांगते, आज पांढरी हाय, रगत न्हाई. सायली सुट्टी काढून आलीय, बाहेर बाकावर बसून रडते आणि आत येताना तोंड धुऊन येते. मला कळतं. मी झोपल्याचं सोंग घेतो.

गुरुवार, ४ डिसेंबर. दुपारी ४.
मॅडमचा फोन. माझ्यावर कारवाईचं वर बघतील म्हणाल्या, पण घर क्रमांक त्रेसष्ट पूर्ण करावं लागेल, अर्धवट सोडता येत नाही. मी खाटेवर, फोन स्पीकरवर, अंजना उशाशी. माझेच प्रश्न मला विचारत होत्या. वय, वजन, तंबाखू किती वर्षं. सगळी उत्तरं खरी दिली. सोपं नसतं ते, लोकांना मी फार घाई करत होतो.

मग प्रश्न आला, लक्षणं असूनही उपचार का घेतले नाहीत. पर्याय वाचून दाखवले. पैसे नव्हते, दवाखाना लांब, वेळ नव्हता, गंभीर वाटलं नाही, इतर. मी म्हटलं, वेळ नव्हता. निम्म्या गावानं मला हेच सांगितलं होतं आणि मी पुढचं न विचारता टिक केलं होतं.

अंजना मध्येच म्हणाली, न्हाई मॅडम, वेळ लय व्हता. घाबरत व्हते ते. पोरीच्या जल्मापासून बघते, सुईचं नाव काढलं की ह्यांचे हात गार पडत्यात.
मॅडमनी पर्याय पुन्हा वाचून पाहिले. म्हणाल्या, असा पर्याय नाही ताई, 'इतर'मध्ये लिहावं लागेल. काका, काय लिहू?

 छताचा पंखा बघत होतो. तिकडं तेहतीस घरांचे फॉर्म भरून वर गेलेत, त्यावरून कुणीतरी ठरवणार की निमोण्याला वेळ नसतो, म्हणून दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा. ठेवा बापडे. मी संध्याकाळीसुद्धा गेलो नसतो.

म्हटलं, लिहा, भ्यालो. आधी भ्यालो, मशीन बघून जास्त भ्यालो, आणि आत्तासुद्धा भितोय. काल ड्रेसिंगच्या वेळी ट्रेमधली कात्री सटकून माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. टोक लागलं. चादरीवर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं, एरवी काहीच कळलं नाही. मी त्यावर पांघरूण ओढून घेतलं. कुणाला सांगितलेलं नाही.

 अंजनाच्या हातात उशी होती, ती तिनं खाटेवर ठेवली. मग तिनं पांघरूण बाजूला केलं, उजवा पाय दोन्ही हातांत घेऊन बघितला आणि नर्सला हाक मारली.